बेटाच्या किनाऱ्यावरील पुळण वाचायला शिकताना

किनारी निक्षेपांचा, म्हणजे किनाऱ्यावर साचलेल्या वाळू-गोट्यांचा, अभ्यास सुरू करणाऱ्याने शक्य असल्यास एखाद्या बेटापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. खंडाच्या किनाऱ्यावरील वाळूत शेकडो किलोमीटर दूरच्या नद्यांनी आणलेले कण इतके मिसळलेले असतात की त्यांचे मूळ शोधताना अनुभवी अभ्यासकही थकतो. लहान बेटावर मात्र पुळणीतील, म्हणजे वाळूच्या किंवा गोट्यांच्या किनारपट्टीतील, बहुतेक कणांचे मूळ पायी चालत जाऊन पाहता येते. हे मूळ सामान्यतः चारांपैकी एक असते. कडे आणि ओढे यांतून झिजून आलेला बेटाचा स्वतःचा खडक, ज्वालामुखीने नव्याने दिलेली सामग्री, समुद्रातील सजीवांची कवचे व सांगाडे, आणि समुद्रतळावर पूर्वीपासून पडून असलेला गाळ, हे ते चार पुरवठादार होत. यांपैकी शेवटचा नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती, आणि हिमयुग ओसरताना ती चढत गेली तेव्हा तळावरचे गोटे व वाळू लाटांनी पुढे ढकलत आणली. आज दिसणाऱ्या कित्येक गोट्यांच्या पुळणी त्याच जुन्या साठ्यावर उभ्या आहेत आणि त्यांना नवा पुरवठा जवळजवळ नाही.

म्हणून पुळणीसमोर उभे राहिल्यावर तीन प्रश्न हाताशी ठेवावेत: हे कण कोठून आले, कोणी आणले, आणि ते येथे किती काळ टिकतील? पुढील सर्व पायऱ्या या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आहेत.

निघण्यापूर्वीची तयारी

बेटाचा भूशास्त्रीय नकाशा आधी पाहावा आणि किनाऱ्यालगत कोणते खडक आहेत, ओढे कोठे समुद्राला मिळतात, प्रवाळखडक कोणत्या बाजूला आहे, हे वहीत स्वतःच्या हाताने रेखाटून घ्यावे. त्याच किनाऱ्याची निरनिराळ्या वर्षांतील उपग्रह छायाचित्रे मिळाल्यास तीही पाहावीत. भरती-ओहोटीचे वेळापत्रक ही चैनीची वस्तू नव्हे. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी दोन तास आधी किनाऱ्यावर पोहोचावे. त्या वेळी पुळणीचा सर्वाधिक भाग उघडा असतो आणि पाणी परतण्यापूर्वी काम उरकता येते.

साहित्य थोडेच लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, होकायंत्र, ढाळ मोजण्याचे साधन, लहान फावडे, लोहचुंबक, नमुन्यांच्या पिशव्या, पाण्याने न पुसली जाणारी शाई आणि जाड पुठ्ठ्याची वही एवढे पुरे. कार्बोनेट, म्हणजे कवचे, प्रवाळ व चुनखडक यांतील चुना, ओळखण्यासाठी पाच ते दहा टक्के विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते जवळ बाळगायचे नसेल तर स्वयंपाकातील व्हिनेगरही चालते, मात्र त्याची क्रिया मंद असते आणि नमुना बारीक कुटून घ्यावा लागतो.

समुद्राकडे पाठ करून खाली वाकू नये, हा नियम कोणत्याही उपकरणापेक्षा महत्त्वाचा आहे. आइसलँडमधील रेनिसफ्यारा या काळ्या पुळणीवर शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक दूरवर येणाऱ्या लाटांनी माणसांचे जीव घेतले आहेत. शक्यतो दोघांनी जावे आणि एकाने सतत पाण्याकडे लक्ष ठेवावे.

आधी उंचावरून पाहावे

किनाऱ्यावर पोहोचताच वाळू उचलण्याचा मोह होतो, तो आवरावा. जवळच्या उंचवट्यावरून दहा मिनिटे नुसते पाहावे. लाटा कोणत्या दिशेने येतात, त्या भूशिरांभोवती कशा वळतात आणि कोठे फुटतात, हे टिपावे. लाटा भूशिरावर एकवटतात आणि उपसागराच्या आत पसरून दुबळ्या होतात, त्यामुळे भूशिरे झिजतात आणि दोन भूशिरांमधील कुशीत वाळू साचते. बेटावर याच्या जोडीला वाऱ्याकडील आणि आडोशाकडील अशा दोन बाजू असतात. वाऱ्याकडील किनाऱ्यावर मोठे गोटे आणि उघडा खडक, तर आडोशाला बारीक वाळू आणि समुद्रात शिरलेले वाळूचे दांडे, असे चित्र बहुधा दिसते. एकाच पुळणीचा तासन्‌तास अभ्यास करण्यापेक्षा या दोन बाजूंच्या दोन पुळणींची तुलना केल्यास नवख्याला अधिक कळते.

ही प्रक्रिया माणसाच्या आयुष्याच्या मापात पाहायची असेल तर आइसलँडच्या दक्षिणेकडील सुर्त्से बेटाकडे पाहावे. 1963 च्या नोव्हेंबरमध्ये समुद्रातून वर आलेल्या या बेटाचा उद्रेक 1967 च्या जूनमध्ये थांबला. तेव्हा त्याचे क्षेत्रफळ सुमारे 2.7 चौरस किलोमीटर होते, आणि लाटांनी दक्षिणेकडील लाव्हा इतक्या वेगाने तोडला की आज त्याच्या निम्म्याच्या आसपास भाग उरला आहे. तुटलेल्या दगडांपैकी काही किनाऱ्यालगत सरकत उत्तरेकडील आडोशाला गेले आणि तेथे गोट्यांचे एक निमुळते भूशिर तयार झाले. एका टोकाची झीज दुसऱ्या टोकाची पुळण कशी घडवते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पुळणीचा छेद मोजणे

आता पुळणीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत, किनाऱ्याला काटकोनात एक रेषा ठरवावी. तिचे वरचे टोक एखाद्या न हलणाऱ्या खडकापाशी असावे, म्हणजे पुन्हा येऊन तीच रेषा मोजता येईल. या रेषेवरील चढउतार म्हणजे पुळणीचा छेद. तो मोजण्याची सर्वांत सोपी रीत सागरी भूशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी 1961 मध्ये मांडली, आणि ती दोन काठ्या व क्षितिज यांवर चालते. दीड मीटर लांबीच्या दोन सारख्या काठ्या दीड मीटर अंतरावर उभ्या धराव्यात. जमिनीकडील काठीमागे उभे राहून समुद्राकडील काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणावे. ती रेषा आपल्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितकाच त्या दीड मीटरमधील उतार असतो. वाळू समुद्राकडे चढत असेल तर क्षितिज आपल्या काठीच्या टोकावरून पाहावे आणि समोरच्या काठीवर ते टोकापासून किती खाली दिसते, हे वाचावे. असे एकेक पाऊल टाकत पाण्यापर्यंत जावे आणि आकडे आलेखावर मांडावेत.

आलेखात पुळणीचे भाग आपोआप दिसू लागतात. वर वाऱ्याने आणलेल्या बारीक वाळूच्या टेकड्या, त्यांच्यापुढे लाटांनी रचलेला सपाट कट्टा, ज्याला बर्म म्हणतात, मग लाट चढते-उतरते तो तिरका उतार, आणि शेवटी ओहोटीला उघडा पडणारा सपाट भाग. वादळी ऋतूत उंच व पाठोपाठ येणाऱ्या लाटा वाळू खेचून पाण्याखालच्या बांधांत ठेवतात आणि शांत ऋतूत तीच वाळू हळूहळू परत येऊन बर्म रुंद होतो. त्यामुळे वादळानंतर अरुंद दिसलेली पुळण नष्ट होत चालली आहे, असा निष्कर्ष एका भेटीवरून काढणे चूक ठरेल.

कणांचा आकार आणि घडण

रेषेवर किमान तीन ठिकाणी, म्हणजे बर्मवर, उताराच्या मध्यावर आणि ओहोटीच्या पाण्यालगत, कणांचा आकार नोंदवावा. 1922 मध्ये भूशास्त्रज्ञ वेंटवर्थ यांनी दिलेली विभागणी आजही वापरली जाते: 0.0625 ते 2 मिलिमीटर म्हणजे वाळू, 2 ते 4 भरड कण, 4 ते 64 लहान गोटे, 64 ते 256 मोठे गोटे आणि त्याहून मोठे ते धोंडे. कण जितका मोठा तितका उतार तीव्र, हे नाते किनाऱ्यावरच पडताळून पाहावे. गोट्यांमधील फटींतून लाटेचे पाणी खाली मुरते, परत जाणारा प्रवाह दुबळा होतो आणि वर आणलेले गोटे खाली नेण्याचे बळ त्यात उरत नाही. बारीक वाळूत पाणी मुरत नाही, म्हणून परतणारा प्रवाह वाळू सोबत नेतो आणि पुळण सपाट राहते.

किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेनेही आकार बदलतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला पोर्टलँड बेटाशी जोडणारी चेझिल ही सुमारे 29 किलोमीटर लांबीची गोट्यांची पुळण त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या वायव्य टोकाला वाटाण्याएवढे गोटे आहेत आणि पोर्टलँडकडे जाताना ते वाढत वाढत मुठीएवढे व त्याहून मोठे होतात. आपल्या पुळणीवरही दर शंभर पावलांवर दहा-दहा गोटे मोजून असा कल आहे का, हे तपासता येते.

गोलाई मात्र जपून वापरावी. गोल कण म्हणजे लांबचा प्रवास, असे सरसकट समजले जाते, पण मऊ प्रवाळाचा तुकडा थोड्याच काळात गुळगुळीत होतो आणि क्वार्ट्‌झचा कण दीर्घ काळ टोकदार राहतो. तुलना करायची ती एकाच खडकाच्या कणांची. गोट्यांच्या पुळणीवर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. चपटे गोटे लाटेबरोबर वर फेकले जाऊन तेथेच राहतात, तर गोलाकार गोटे घरंगळत खाली येतात, त्यामुळे वर चकत्या आणि खाली गोळे अशी निवड समुद्रच करून ठेवतो.

कण कशाचे आहेत?

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण उगमाचा प्रश्न येथे सुटतो. कोरडी वाळू पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही कागदांवर चिमूटभर पसरावी आणि भिंगाने पाहावी. लगेच निष्कर्ष न काढता आधी किमान शंभर कण मोजून त्यांचे गट पाडावेत. त्यानंतर आम्लाचा एक थेंब टाकावा. जोरात फसफसले तर कण कवचांचे, प्रवाळाचे किंवा चुनखडकाचे आहेत. चुंबक नेहमी पातळ पिशवीत गुंडाळून वाळूवरून फिरवावा, म्हणजे चुंबक पिशवीतून बाहेर काढताच चिकटलेले कण कागदावर पडतात. नागड्या चुंबकाला चिकटलेली मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाची पूड पुन्हा निघता निघत नाही.

रंगावर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगतो. ऑस्ट्रेलियातील व्हिटसंडे बेटावरील व्हाइटहेवन पुळण ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात असूनही तिची पांढरीशुभ्र वाळू प्रवाळाची नसून जवळजवळ संपूर्णपणे सिलिकेची आहे, आणि आम्लाच्या एका थेंबाने हा फरक कळतो. काळ्या वाळूचेही तसेच आहे. ती बेसाल्टच्या झिजलेल्या कणांची असेल, मॅग्नेटाइटची असेल किंवा तप्त लाव्हा समुद्रात शिरताना तडकून झालेल्या ज्वालामुखी काचेची असेल. काचेचे कण चकचकीत आणि धारदार असतात, मॅग्नेटाइट चुंबकाकडे उडी घेते, तर बेसाल्टचे कण मंद काळपट व थोडेसेच आकर्षित होणारे असतात.

काचेच्या काळ्या वाळूबाबत पुरवठ्याचा प्रश्न फार स्पष्ट दिसतो. हवाई बेटावर 2018 मध्ये किलाउएआ ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळी पोहोइकी येथे नवी काळी पुळण काही आठवड्यांत तयार झाली, आणि त्याच बेटावरील काइमू येथील नावाजलेली काळी पुळण 1990 मध्ये लाव्हाखाली गाडली गेली. लाव्हा समुद्राला मिळत असतो तोपर्यंतच असे कण भरपूर येतात. प्रवाह थांबला की लाटा साठा खर्च करू लागतात. त्याच बेटाच्या दक्षिण टोकाजवळील पापाकोलेआ पुळण हिरवी आहे, कारण शेजारच्या झिजत असलेल्या ज्वालामुखी शंकूतून ऑलिव्हिन हे खनिज सुटते. ऑलिव्हिनची घनता सुमारे 3.3 असल्यामुळे हलकी राख लाटांबरोबर निघून जाते आणि हे जड कण मागे राहतात. ऑलिव्हिन लवकर विघटित होणारे खनिज आहे, म्हणून हिरवी वाळू दिसली की तिचा उगम जवळच आहे असे खुशाल समजावे.

सजीवांपासून झालेली वाळू भिंगाखाली सर्वांत मनोहर दिसते. बर्म्युडाच्या पुळणींवरील गुलाबी छटा होमोट्रेमा या लाल फोरामिनिफेराच्या, म्हणजे कवच असलेल्या एकपेशीय समुद्री जीवाच्या, तुकड्यांमुळे येते. जपानच्या इरिओमोते आणि ताकेतोमी या बेटांवर ताऱ्याच्या आकाराची वाळू मिळते, तीही फोरामिनिफेराचीच कवचे होत. पानांसारखे चपटे पांढरे तुकडे दिसले तर ते बहुधा हॅलिमेडा या चुनायुक्त शैवालाचे असतात. प्रवाळ बेटांवर पोपटमासा प्रवाळखडक कुरतडतो, चुना पचत नसल्याने तो बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो आणि अशा रीतीने पुळणीत मोठी भर घालतो. मालदीव किंवा लक्षद्वीप यांसारख्या प्रवाळ बेटांच्या पुळणींचा पुरवठा जिवंत प्रवाळखडकावर अवलंबून असतो, आणि तो खडक मेला तर वाळूचा कारखानाच मंदावतो. ही चिंता नोंदवहीत उतरायला हवी, म्हणून अशा ठिकाणी प्रवाळाची स्थितीही लिहून ठेवावी.

मिश्र वाळूतील कार्बोनेटचे प्रमाण घरी मोजता येते. धुऊन वाळवलेली वाळू वजन करून आम्लात किंवा वारंवार बदललेल्या व्हिनेगरमध्ये फसफसणे पूर्ण थांबेपर्यंत ठेवावी, उरलेला भाग धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावा. जेवढे वजन घटले तेवढे कार्बोनेट. आम्ल हाताळताना चष्मा व हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे.

लहानसा चर खणणे

पुळणीचा पृष्ठभाग आजचा असतो, आतले थर कालचे. उताराच्या मध्यावर, समुद्राला काटकोनात, गुडघ्यापेक्षा कमी खोलीचा चर खणावा आणि एक बाजू फावड्याच्या कडेने सपाट करावी. याहून खोल जाऊ नये, कारण ओली वाळू सूचना न देता ढासळते. भिंत थोडी वाळली की थर स्पष्ट होतात.

बहुतेक ठिकाणी पातळ, समांतर आणि समुद्राकडे झुकलेले थर दिसतील, आणि त्यांचा कल पुळणीच्या उताराइतकाच असेल. प्रत्येक थर परतणाऱ्या लाटेने घातलेला असतो. नीट पाहिल्यास त्यात बारीक व जड काळे कण तळाशी आणि भरड व हलके कण वर दिसतात. हे सवयीच्या अपेक्षेच्या उलट आहे. त्याचे कारण असे की वेगाने सरकणाऱ्या पातळ थरात कण एकमेकांवर आदळतात आणि बारीक कण मोठ्या कणांच्या फटींतून खाली उतरतात. काळ्या कणांचा एखादा थर इतरांपेक्षा जाड असेल तर तेथे वादळाने हलकी वाळू धुऊन नेली असण्याची शक्यता मोठी आहे. क्वार्ट्‌झची घनता 2.65 आणि मॅग्नेटाइटची सुमारे 5.2 असल्यामुळे ही चाळणी लाटांना सहज जमते. खालचे थर एका रेषेने कापले जाऊन त्यांवर वेगळ्या कलाचे थर आले असतील, तर ती रेषा म्हणजे पुळण झिजल्याची खूण. तिची खोली मोजून ठेवावी.

लहान गोल पोकळ्यांनी भरलेला थर दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. चढत्या लाटेखाली कोरड्या वाळूतील हवा अडकून त्या होतात. जमिनीकडे झुकलेले थर बर्मच्या मागील बाजूस, लाट ओलांडून गेल्यावर तयार होतात. काम संपताच चर बुजवावा, कारण रात्री चालणाऱ्या माणसाला आणि अंडी घालायला येणाऱ्या कासवाला उघडा खड्डा धोक्याचा असतो.

जुन्या पुळणींच्या खुणा

उष्ण प्रदेशांतील बेटांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात दगडासारख्या कठीण झालेल्या वाळूच्या फरश्या दिसतात, त्यांना बीचरॉक म्हणतात. कॅल्शियम कार्बोनेटने कण जोडले जाऊन हा खडक वाळूखालीच तयार होतो. म्हणून तो उघडा पडलेला दिसला, तर त्यावरची वाळू गेलेली आहे असा त्याचा अर्थ होतो. तो पुरातनच असतो असे नाही. विसाव्या शतकातील बाटल्याही त्यात घट्ट बसलेल्या सापडल्या आहेत.

आजच्या भरतीच्या रेषेपेक्षा कितीतरी वर गोटे व शिंपले सापडले, तर वादळाने फेकलेले की उचलली गेलेली जुनी पुळण, हे ठरवावे लागते. वादळी निक्षेप अव्यवस्थित, ओबडधोबड आणि थोड्याच भागात असतो. उंचावलेली पुळण सलग पायरीसारखी चालते आणि तिच्यात नेहमीचे झुकते थर असतात. स्कॉटलंडच्या ज्युरा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वार्ट्‌झाइटच्या गोट्यांच्या अशा पुळणी समुद्रापासून बऱ्याच उंचीवर आहेत, कारण हिमनद्यांचा भार वितळल्यावर तेथील जमीन वर आली. बार्बाडोसमध्ये भूकवच उचलले गेल्याने प्रवाळाच्या पायऱ्या एकावर एक दिसतात. जमिनीची ही हालचाल नेहमी संथच असते असे नाही. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात अंदमानच्या उत्तर भागातील किनारा उचलला जाऊन प्रवाळ उघडे पडले, तर ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला जमीन चार मीटरांहून अधिक खचली. एकाच द्वीपमालेत एका दिवसात एक पुळण कोरडी पडली आणि दुसरी बुडाली.

नोंद, नमुना आणि पुन्हा भेट

नमुना उचलण्यापूर्वी नियम तपासावेत. हवाईमध्ये आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावर वाळू नेण्यास मनाई आहे, आणि इतर अनेक ठिकाणी, विशेषतः संरक्षित क्षेत्रांत, तशीच बंधने आहेत. परवानगी असेल तेथेही पन्नास ग्रॅम पुरेसे असते. मनाई असेल तर मोजपट्टीसह जवळून घेतलेले छायाचित्र आणि जागेवरच केलेली कणांची मोजणी यांवर काम भागवावे, आणि चर खणण्याबाबतही आधी विचारून घ्यावे. नमुन्याच्या पिशवीवर तारीख, वेळ, भरतीची स्थिती, छेदरेषेवरील अंतर आणि पृष्ठभागापासूनची खोली लिहावी. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर तो नमुना काही महिन्यांनी केवळ वाळू उरतो.

दुसरी भेट त्याच रेषेवर, भरतीच्या त्याच स्थितीत, पण निराळ्या ऋतूत द्यावी, आणि शक्य असल्यास मोठ्या वादळानंतर आठवड्याच्या आत. त्याच दोन काठ्यांनी छेद मोजून तो पहिल्या आलेखावर निराळ्या रंगाने काढावा. दोन रेषांमधील क्षेत्रफळ म्हणजे त्या छेदातून गेलेली किंवा आलेली वाळू. जेथे वाळू गेली तेथे पुन्हा चर खणून पहिल्या वेळी मोजलेली झिजेची रेषा आता किती खोलीवर आहे, की पूर्णपणे नाहीशी झाली आहे, हे आधी पाहावे.